उसनं रडू

आमच्याकडे मयत झालं की बायका गल्लीच्या कोपऱ्यापासूनच गळा काढत येतात. मुकाट्यानं दारात येऊन बसणाऱ्या बाईला कोणी बरं म्हणत नाही. गेलेल्याला हाका मारायच्या, तो आपला कोण लागत होता ते सांगायचं, त्याच्या चार गोष्टी आठवून रडायचं, मग आतल्या बायकांनी उठून तिला गळ्याशी धरायचं, अशी रीत आहे. शहरातल्या लोकांना हे नाटक वाटतं. वाटू दे. ते मोबाईलवर दोन जोडलेले हात पाठवून मोकळे होतात, ते मला नाटक वाटतं.

या रडण्यात आमच्या बनुबाईचा हात धरणारं मिरजगावपासून कर्जतपर्यंत कोणी नव्हतं. तिला कोणी बोलावून नेत नसे, की ती काही मिळवण्यासाठी जात नसे. पण ती आल्याशिवाय मयताला रंग चढत नाही, असं म्हाताऱ्या बायका उघड म्हणायच्या. ती प्रत्येकात काहीतरी बरं शोधून काढायची. आमच्या गल्लीत एक खाष्ट म्हातारा गेला, त्याच्या पोटच्या पोरांनाही त्याच्याबद्दल बरं बोलायला सुचत नव्हतं. बनुबाई कोपऱ्यावरूनच रडत आली, की बाबा, तुमच्या बांधावरची बोरं आता कोण राखील, पोरांना शिव्या कोण देईल, आणि शिव्या देता देता त्यांच्या ओच्यात बोरं कोण टाकील. मग सगळ्यांना आठवलं की म्हातारा असं करायचा खरा. त्याची पोरं तेव्हा कुठं रडली. माणूस कसाही असो, घरातून निघताना तो चांगला होऊनच निघायचा, ही बनुबाईची करणी.

मी तिच्या समोर राहते. माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे माझा स्वतःचा आवाज कायम वरच्या पट्टीत असतो आणि लोक मला भांडखोर समजतात. समजतात ते फारसं खोटं नाही. पण गिरणी चालू असतानाही जिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू यायचं अशी एकच बाई होती, ती बनुबाई. रस्त्यापलीकडच्या ओट्यावरून ती सांगायची, "पूजे, ज्वारी जरा जाडच काढ," आणि मी मान डोलवायची.

दोनेक वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ आली. सुपारीएवढी होती तोवर तिनं पदराखाली झाकली. लिंबाएवढी झाली तेव्हा तिच्या मुलानं, गोरखनं, तिला नगरला नेलं आणि ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, म्हणून आम्ही पेढे वाटले. पण ती आवाजाच्या नसेला चिकटून वाढली होती, आणि गाठीबरोबर नसही कामातून गेली. असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तेव्हा दोष कोणाला द्यायचा. तपासायला मी तिच्याबरोबर गेले होते. नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरांनी आम्हाला टीव्हीवर तिचं स्वरयंत्र दाखवलं. आत दोन पडदे असतात, दाराच्या दोन फळ्यांसारखे. बोलताना ते मिटतात, श्वास त्यांच्यातून घासून निघतो आणि आवाज होतो. बनुबाईची डावी फळी अर्ध्यातच अडकली होती. उजवी बिचारी मिटायला धावायची, पण मधे फट राहायची आणि सगळा वारा त्या फटीतून निघून जायचा. पाणी पिताना त्याच फटीतून थेंब श्वासनळीत जायचा आणि ठसका लागायचा. म्हणून हनुवटी छातीला टेकवून, लहान लहान घोट घेत पाणी प्यायचं असं तिला शिकवलं. कधीकधी नस आपोआप शुद्धीवर येते, वर्षभर वाट बघू, नाहीतर पुण्याला आणखी एक ऑपरेशन करून ती फळी मधे सरकवता येते, असं डॉक्टर म्हणाले. पुण्याचं नाव काढलं की बनुबाई हातानंच नको म्हणायची. एका सुरीनं आवाज नेला, दुसरी काय नेईल कोणास ठाऊक, असं तिचं म्हणणं.

तोवर करायला एक व्यायाम दिला होता. दोन्ही हातांनी भिंत जोरात ढकलायची आणि ढकलता ढकलता 'आ' म्हणायचं. ती रोज सकाळी गोठ्याची भिंत ढकलायची. जाणारे येणारे विचारायचे, बनुबाई गोठा पाडून नवा बांधायचाय का. चेष्टाच ती, त्यात वाईट काही नव्हतं. पण तिनं मग दार लावून भिंत ढकलायला सुरुवात केली, आणि पुढे पुढे ढकलणंच सोडलं. दळण घेऊन आली की तिचं कुजबुजणं ऐकू यावं म्हणून मी गिरणी बंद करायची. तर बाकीच्या बायका वळून बघायच्या, कोणासाठी बंद केली म्हणून. त्यानंतर दळण घेऊन तिची सून येऊ लागली, अश्विनी.

गेल्या उन्हाळ्यात बनुबाईची सासू गेली, मुक्ताबाई. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं बनुबाईनं केलं होतं आणि कधी नाक मुरडलं नव्हतं. गावाला ते ठाऊक होतं, पण मयताला गावापेक्षा पाहुणे जास्त. कर्जतकडची नणंद कोपऱ्यावरून रडत आली आणि बनुबाईच्या गळ्यात पडली. आता भावजयीनं सूर काढायचा, असा सगळ्यांचा हिशोब. बनुबाईनं तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. तिनं जोर केला, तर ठसका लागला आणि लागतच राहिला. मागं उभ्या असलेल्या दोन पोरींना हसू आलं, त्यांनी तोंडावर पदर दाबला, पण बनुबाईला ते दिसलं. लाजेनं माणसाचं रडू आटतं हे मी त्या दिवशी पाहिलं. सासूला उचलून नेलं तरी बनुबाईचे डोळे कोरडेच होते.

दहाव्याला पाहुण्यांत बोलणं चाललं होतं, सासू गेली आणि सून मोकळी झाली, टिपूससुद्धा आलं नाही. मी माझ्या गिरणीच्या आवाजात दोघीतिघींना सुनावलं. बनुबाईनं माझा हात धरून मला आत ओढलं.

"नको गं भांडू," ती कुजबुजली. "खरंच न्हाई आलं."

तेव्हापासून तिनं कोणाच्या मयताला जाणं सोडलं. लग्नाला नाही गेलं तर लोक विसरतात, मयताला चुकलं तर पिढीभर लक्षात ठेवतात. कधी कंबर धरली म्हणायची, कधी ताप आहे म्हणून गोधडी घ्यायची. ज्या बाईची लोक वाट बघायचे, तिच्या घरावरून मयत जाताना खिडकी लावलेली असायची.

हेही एकवेळ चाललं असतं. पण तिला एक धाकटा भाऊ होता, अंगद.

अंगद पाथर्डीच्या बाजूला राहायचा. आई मजुरीला जायची तेव्हा बनुबाईनंच त्याला कडेवर वाढवलेला. आईबाप गेल्यावर माहेर म्हणजे तोच. दरवर्षी ऊसतोडीला कारखान्यावर निघायच्या आधी, दिवाळीला, तो तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून यायचा, आणि कारखान्यावरून दर रविवारी फोन करायचा. ती अंगणात उभी राहून बोलायची. त्याच्या शेळ्या किती व्याल्या, भावजयीशी कशावरून वाजलं, हे मला घरबसल्या कळायचं. तिला फोनची गरजच नव्हती, पाथर्डीपर्यंत तसंच ऐकू गेलं असतं.

ऑपरेशननंतरही तो फोन करत राहिला, आवाज आला का ते बघायला. तिचा वारा फोनमधून जायचा नाही. तो हॅलो हॅलो करत राहायचा. एकदा हसून म्हणाला, अक्का, डॉक्टरनं तुझ्या गळ्यात सायकलची पंक्चर ट्यूब बसवली का काय. हा त्यांचा नेहमीचा सूर. आधीची बनुबाई असती तर तिनं त्याला फोनवरच झोडपला असता. पण झोडपायला आवाज लागतो. तिनं फोन ठेवला, आणि पुढच्या रविवारपासून तो वाजला की अश्विनीकडे द्यायची. अश्विनीनं म्हणायचं, आई रानात गेल्यात.

या दिवाळीला तो मुराळी आला, तेव्हा ती गोधडी घेऊन झोपली. माहेरी गेलं की साऱ्या भावकीच्या बायका भोवती बसणार आणि बोल म्हणणार, ते तिला नको होतं. अंगदनं ओट्यावर बसून चहा घेतला आणि मग माझ्या गिरणीत आला. मला विचारलं, "ताई, अक्का माज्यावर रागावली का वो? मी ते ट्यूबचं बोललो हुतो. चेष्टाच केली हुती." मी म्हटलं, रागाचं काही नाही, जाऊन गदागदा हलव तिला. पण गोधडी ओढायचा त्याचा धीर झाला नाही. एकटाच गेला. मी संध्याकाळी बनुबाईला सगळं सांगितलं आणि वर चार शब्दही सुनावले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, आवाज आला की मीच फोन करीन, पहिला फोन त्यालाच.

चैत्रात एके सकाळी पाथर्डीकडून फोन आला. अंगद शेळ्या सोडायला गेला, छातीत कळ आली म्हणून खाली बसला, तो उठलाच नाही. बहिणीसाठी थांबवलंय, लवकर निघा, असा निरोप होता.

बनुबाई चुलीपाशी होती. निरोप ऐकून तिथंच बसून राहिली. गोरख शेजारच्याची जीप आणायला धावला, मी गिरणीला कुलूप लावून आले. तेव्हा ती सुनेचा हात धरून बसली होती.

"अश्विनी, माज्या भावाच्या दारात मी मुकी न्हाई जानार," ती म्हणाली. "तू रड. मी तोंडावर पदर घेते. लोकास्नी वाटंल मीच रडतीय."

अश्विनी नगर शहरात, सावेडीत वाढलेली पोर. तिच्याकडच्या बायका रुमालात रडतात. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली. यात शहाणपण नव्हतं हे मला तेव्हाही दिसत होतं. पण सासूच्या मयताची ती दोन हसणारी तोंडं माझ्याही डोळ्यांसमोर होती. भावाच्या दारात तसं झालं तर ही बाई पुन्हा तोंड वर करणार नाही. मी म्हटलं, जमेल, मी शिकवते.

जीपमध्ये बनुबाई मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. ती अश्विनीच्या कानात एकेक ओळ सांगायची, जीपच्या आवाजात ती अश्विनीला ऐकू जायची नाही, मग बनुबाई माझ्याकडे तोंड करून सांगायची, मी तिच्या ओठांवरून ओळखून मोठ्यानं म्हणून दाखवायची. गोरख पुढं बघून गाडी चालवत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. पाथर्डी मागं पडेपर्यंत अश्विनीचं पाठ झालं. परीक्षेला निघालेल्या पोरीसारखी ती ओठांत पुटपुटत होती. शब्द सगळे बनुबाईचे होते, बहिणीनं भावाला म्हणायचे. ते कोणाच्या तोंडून निघणार आहेत याचा विचार आम्हा तिघींपैकी एकीनंही केला नाही.

अंगदच्या वस्तीच्या कोपऱ्यावर आम्ही उतरलो. बनुबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, अश्विनीनंही ओढला, आणि दोघी एकमेकींना धरून चालू लागल्या. अश्विनीनं सूर काढला. आधी बारीक, चिरका. मग तिला खरंच भरून आलं असावं, आवाज मोकळा झाला.

"अंगदा, माज्या बंधवा, आता दिवाळीला मला मुराळी कोन येईल रे."

अंगणातल्या बायकांची तोंडं वळली. कोणीतरी म्हणालं, आली, बहीण आली. आतून अंगदच्या बायकोचा, दगडाबाईचा, रडण्याचा आवाज वाढला. दोघीचौघी उठून सामोऱ्या आल्या. तेवढ्या वाटेत मला वाटलं की निभावलं.

"तुला कडेवर वागिवला रे बंधवा, माज्या घासातला घास दिला."

जवळ आलेल्या बायका थांबल्या. पदराआड असली तरी पोरीचा आवाज तो पोरीचाच, आणि पदराखालचे मेंदी काढलेले हातही पोरीचेच. एक म्हातारी फार मोठ्यानं नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही कोनाची सून गं? मामंसासऱ्याला बंधवा म्हनती. ह्या पोरीनं त्याला कडेवर वागिवला व्हय?"

दुसरी म्हणाली, "आगं, बनुबाईला कुटं आवाज हाय. रडू बी उसनं आनलंय."

कोणीतरी नाकातून हसलं. मयताच्या अंगणात, सरण रचायला माणसं गेलेली असताना, हसलं. अश्विनी शब्द अर्धा सोडून थांबली. आतलं रडणंही थांबलं. मागं बांधलेल्या शेळ्या तेवढ्या ओरडत होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, ते मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हटलं. मला भांडायचंही सुचलं नाही.

बनुबाई अंगणाच्या मधोमध पदराखाली उभी होती. मग तिनं पदर मागं टाकला. चेहरा पांढराफटक, डोळे कोरडे. कोणाकडे न बघता ती चालत गेली आणि भावाच्या उशाशी बसली. तोल जाईल म्हणून मी तिला मागून धरलं होतं. समोर दगडाबाई होती. सगळं अंगण बघत होतं, आता ही काय करते म्हणून. बनुबाईनं वाकून तोंड त्याच्या कानाला लावलं. ती जे बोलली ते आम्हा दोघींनाच ऐकू आलं.

"अंगदा, मी रागावले न्हवते रे. लाजले हुते. आवाज आल्याव तुलाच फोन करनार हुते."

पुढं तिला ठसका लागला. तो थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले. दगडाबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. या नणंदभावजयींचं कधी फारसं जमलं नव्हतं, ते मला अंगणातल्या फोनवरून ठाऊक होतं. मला वाटलं, आता ही काहीतरी लागेल असं बोलणार. दगडाबाई हळूच म्हणाली, "फोन उशाला घिऊन निजायचे वो, वन्सं. म्हनायचे, अक्काचा राग गेला की तिचाच फोन येईल."

आणि मग तिनं नवऱ्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि असा आवाज काढला की वस्तीच्या टोकाला ऐकू जावा.

"अवो, ऐकलं का? वन्सं रागावल्या न्हवत्या वो. तुमची बहीन तुमच्यावर रागावली न्हवती."

तेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, ऐकू न आलेल्या माणसाला सांगावं तसं. उसनं रडू म्हणणारी म्हातारी पुढं आली आणि खाली बसून रडायला लागली. हळूहळू सगळ्याच बायका रडल्या. बनुबाईच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं. ते तिच्या नाकावरून भावाच्या कपाळावर पडत होतं आणि ती बोटानं पुसत होती. तिच्याकडे बघायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

परतीच्या वाटेला तिनं पदर पुन्हा तोंडावर ओढून घेतला. अश्विनी रडवेली होऊन म्हणत होती, आई, माझ्यामुळं तुमची शोभा झाली, मी मामा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, शिकवलं मी, शिव्या मला घाला. मिरजगाव जवळ आलं तेव्हा बनुबाईनं माझं मनगट धरून मला जवळ ओढलं. मी गोरखला गाडी बाजूला घेऊन बंद करायला लावली, तिचं नीट ऐकू यावं म्हणून.

"पोरीचं काय चुकलं," बनुबाई पदराआडून म्हणाली. "दर रविवारी वाजायचा गं फोन. मी उचलून त्यात निस्ती फुंकर मारली असती, तरी त्याला कळलं असतं."